रिमोटची गाडी बंद पडली? सेलपासून चाकापर्यंत करंट कुठे अडला ते शोधा

रिमोटची गाडी चालेनाशी झाली की बहुतेक जण चार स्क्रू काढतात, आतल्या हिरव्या बोर्डाकडे पाहतात आणि ‘आयसी गेला असणार’ म्हणून झाकण परत लावतात. खरं तर आयसी, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, क्वचितच जातो. बहुतेक वेळा दोष असतो तो गंजलेल्या पट्टीत, झिजलेल्या स्विचमध्ये, सोल्डरच्या टाक्यापाशी तुटलेल्या वायरीत, नाहीतर कार्बनची धूळ साचलेल्या मोटरमध्ये. म्हणून करंट ज्या वाटेने जातो त्याच वाटेने तपासत जायचं: सेल, पट्ट्या, स्विच, बोर्ड, मोटर, चाक. आणि मोजायचं ते मोटर फिरत असताना. गाडी नुसती ठेवून घेतलेलं रीडिंग बऱ्याचदा फसवं असतं.

हा लेख तयार मिळणाऱ्या लहान गाड्यांसाठी आहे: तीन ते पाच पेन्सिल सेलवर किंवा ३.७ ते ७.४ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटरीवर चालणाऱ्या, ‘१३०’ या खेळण्यांतल्या नेहमीच्या छोट्या मापाची किंवा त्याहून थोडी मोठी ब्रशवाली (आत घासणाऱ्या पट्ट्यांतून करंट घेणारी) मोटर असलेल्या.

हाताशी काय हवं

दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्याबरोबर २५ वॅटची सोल्डर गन, ६०/४० सोल्डर, थोडा फ्लक्स, बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचे बड, बारीक पॉलिश पेपर, हीट श्रिंक (गरम केली की वायरीवर आकसून बसणारी नळी) आणि मगरचिमट्याच्या दोन वायरी घ्या. एक लाल एलईडी, एक हिरवा एलईडी आणि ३३० ओहमचा एक रेझिस्टरही ठेवा, पुढे उपयोग आहे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे मिळतात.

गाडी उघडण्याआधी फोटो काढा. वायरींचे रंग प्रत्येक कारखान्यात वेगळे असतात. लाल म्हणजे प्लस हे बॅटरीपाशी बहुधा खरं असतं, मोटरपाशी त्यावर विसंबू नका.

लक्षण नीट पाहा, अर्धं काम तिथेच होतं

गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, असं असेल तर सेल, स्विच, मोटर आणि मोटरच्या वायरी चांगल्या आहेत हे उघड आहे, कारण दोन्ही दिशांना तोच रस्ता वापरला जातो. उरलं रिमोटचं मागे नेणारं बटण किंवा बोर्डावर मोटर उलटी फिरवणारे ट्रान्झिस्टर (मोटरचा करंट चालू-बंद करणारे छोटे भाग).

गाडी वळते पण हलत नाही: बोर्डाला पुरवठा मिळतोय आणि सिग्नलही पोचतोय. चालवणारी मोटर, तिच्या वायरी, तिचे ट्रान्झिस्टर किंवा गिअर पाहा. मोटरचा आवाज येतो पण चाक गप्प असेल तर २ मिमी शाफ्टवरचं प्लास्टिकचं छोटं गिअर चिरलेलं असतं. तो विजेचा दोष नव्हे, मीटर बाजूला ठेवा आणि गिअर बदला.

रिमोटला हात न लावताही गाडी आपोआप पळते: आधी रिमोटमधले सेलच काढा. तरी पळत राहिली तर गाडीतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. थांबली तर रिमोटचं बटण चिकटलं आहे.

निघताना झटका देते, थांबते, परत झटका देते: बोर्डाचा व्होल्टेज कोसळतो आहे. हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे आणि लोक सगळ्यात जास्त चुकतातही इथेच.

सेल आणि पट्ट्या

नवा अल्कलाइन सेल मीटरवर १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. साधा स्वस्त झिंक-कार्बन सेलही १.५ दाखवतो, पण त्याचा आतला रोध जास्त असल्यामुळे मोटरने करंट ओढला की तो खाली बसतो. घड्याळाला आणि रिमोटला तो सेल चालतो, गाडीला नाही. गाडी चालू असताना प्रत्येक सेलच्या दोन टोकांवर मोजा. चार सेलपैकी तीन १.३ दाखवत असतील आणि एकच ०.८, तर तो एक सेल सगळ्यांना अडवतो आहे. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. दमलेला सेल उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतो आणि गळतो.

गळलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी अल्कधर्मी असते. बडावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, फसफस थांबली की ओल्या बडाने, मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका. त्यानंतर पट्टी पॉलिश पेपरने हलकेच घासा. फार घासलं तर वरचा मुलामा जातो आणि खालचं लोखंड पुढच्या पावसाळ्यात गंजतं. स्प्रिंग काळी पडून ठिसूळ झाली असेल तर बदलाच, कारण स्टीलच्या गंजलेल्या स्प्रिंगचा रोधच एवढा वाढतो की मोटरला पुरेसा करंट मिळत नाही.

करंट चालू ठेवून मोजणी

गाडीची चालणारी चाकं हवेत राहतील अशी ती पुस्तकांवर ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. दुसऱ्या कुणाला तरी पुढचं बटण दाबून ठेवायला सांगा आणि तुम्ही टायरवर बोट हलकेच टेकवून थोडा भार द्या. चाक पूर्ण अडवू नका. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि काही सेकंदांत ट्रान्झिस्टर भाजतो.

१. सेलच्या सगळ्यात टोकाच्या प्लस आणि मायनसवर मोजा. समजा ५.४ व्होल्ट आले.

२. आता बोर्डावर जिथे बॅटरीच्या वायरी येतात तिथे मोजा. ५.२ आले तर वाट मोकळी आहे, पुढे मोटरकडे जा. ३.९ आले तर दीड व्होल्ट वाटेत हरवला.

३. तो कुठे हरवला हे शोधायला मीटरचा एक प्रोब (वायरीचं टोक) सेलच्या प्लस टोपीवर आणि दुसरा बोर्डाच्या प्लसवर ठेवा, मोटर फिरतीच हवी. मग टोपी ते पट्टी, पट्टी ते वायरीचा टाका, स्विचची एक पिन ते दुसरी पिन, वायर ते बोर्ड असं एकेक टप्पा मोजत जा. हेच मायनसच्या बाजूनेही करा.

चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आत फरक दिसतो. ०.३ च्या वर दिसला तर तो जोड वाईट समजा. वरच्या उदाहरणात मायनसकडे ०.२, पट्ट्यांवर ०.३ आणि स्विचवर एकट्याने १.० व्होल्ट पडला तर गुन्हेगार सापडला. मोटर ०.६ अँपिअर ओढत असेल तर तो स्विच म्हणजे जवळजवळ १.७ ओहमचा रेझिस्टर होऊन बसला आहे.

हाच स्विच ओहमच्या रेंजवर तपासला तर बहुधा ठीक वाटेल, बझरही वाजेल. २०० ओहमच्या रेंजवर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो आणि मीटर जो तपासणीचा करंट सोडतो तो अगदी थोडा, काही मिलिअँपिअरच असतो. मोटर अर्धा-एक अँपिअर मागते तेव्हाच काजळलेला कॉन्टॅक्ट उघडा पडतो. मोटर सुरू होतानाचा झटका दीड-दोन अँपिअरचा असला तर याच स्विचवर तीन व्होल्ट पडतील, बोर्ड विझेल, मोटर थांबेल, व्होल्टेज परत चढेल, बोर्ड पुन्हा जागा होईल. गाडी झटके का देते याचं उत्तर हेच आहे.

सरकता स्विच अल्कोहोलचा थेंब आत सोडून वीस-तीस वेळा मागेपुढे केला की बऱ्याचदा सुधारतो. नाही सुधारला तर त्याच मापाचा नवा घ्या. स्विच जोडताना सोल्डर गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लास्टिक वितळून पुन्हा तोच त्रास सुरू होतो. वायर तुटते ती नेहमी टाक्याला लागून, जिथे सोल्डर संपून इन्सुलेशन सुरू होतं तिथे. वायर हलकेच ओढून पाहा. इन्सुलेशन अखंड आणि आतली तार तुटलेली, असं वारंवार सापडतं.

रिचार्जेबल बॅटरी

चार निकेल सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ५.५ च्या आसपास दाखवतो, ४.० ला रिकामा समजावा. रात्रभर चार्ज करूनही ४.२ च्या वर जात नसेल तर चारांतला एक सेल आतून शॉर्ट आहे. ७०० मिलिअँपिअर-तासांचा पॅक २५० मिलिअँपिअरच्या चार्जरवर सुमारे चार तास घेतो. स्वस्त चार्जर आपोआप बंद होत नाहीत, तेव्हा वेळेवर काढणं तुमच्यावरच आहे.

लिथियम सेल भरला की ४.२, रिकामा ३.० व्होल्ट. ७.४ च्या पॅकमध्ये दोन सेल एकापुढे एक असतात. तीन पिनांचा पांढरा प्लग असेल तर मधल्या पिनेवरून दोन्ही सेल वेगवेगळे मोजा. दोघांत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर पॅक म्हातारा झाला. प्लगवर शून्य व्होल्ट दिसले तर पॅकमधल्या छोट्या संरक्षक सर्किटने सेल तोडून ठेवलेला असू शकतो, योग्य चार्जर लावल्यावर बहुधा ते परत जोडतं. पण सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल, फुगला असेल किंवा गोडसर वास येत असेल तर चार्ज करण्याच्या फंदात पडू नका. टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या.

यूएसबी चार्जिंग केबलबद्दल सावध राहा. काही केबलींच्या प्लगमध्येच चार्जिंगचं सर्किट असतं, मोकळ्या टोकावर त्या ४.२ च्या आसपास दाखवतात. काही केबली नुसत्या वायरी असतात, टोकावर सरळ ५ व्होल्ट येतात आणि सर्किट गाडीत किंवा पॅकमध्ये असतं. दुसऱ्या प्रकारची केबल संरक्षण नसलेल्या लिथियम सेलला लावली तर आग लागू शकते. दोन्हींचे प्लग एकसारखे असतात. निकेल पॅकचा ६ व्होल्टचा चार्जरही लिथियमच्या प्लगमध्ये बसतो, म्हणून प्लग बसला एवढ्यावर चार्जिंग सुरू करू नका, लेबल वाचा. तसंच पेन्सिल सेलच्या आकाराचा ‘१४५००’ हा लिथियम सेल साध्या सेलच्या जागी घालू नका. चार घातले की बोर्डावर १६ व्होल्ट जातात.

मोटर

मोटरची एक वायर सोडवा आणि दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट मगरचिमट्यांनी थेट द्या. जोमाने फिरली तर मोटर संशयातून सुटली. नाही फिरली तर शाफ्ट बोटांनी फिरवून पाहा. केस आणि दोरे अॅक्सलला गुंडाळले जाऊन बेअरिंगपाशी घट्ट बसतात, मोटरला कैक पट जास्त ताकद लावावी लागते आणि अखेरीस ट्रान्झिस्टर जळतात. ते ब्लेडने कापून चिमट्याने काढा.

मग दोन टर्मिनलांमध्ये रोध मोजत शाफ्ट हळूहळू फिरवा. १३० मोटरला एक ते काही ओहम दिसतात. फिरवताना रीडिंग एखाद्या जागी फार वाढलं किंवा गायब झालं तर ब्रशचा स्पर्श किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यांवर टेकतात ते शाफ्टवरचे तांब्याचे तुकडे) बिघडलेला आहे. बोटाने ढकललं की सुरू होणारी मोटर याच जातीची. टर्मिनल आणि पत्र्याचं कवच यांत मात्र काहीच दिसता कामा नये. तिथे काही ओहम आले तर कवचाला जोडलेला कॅपॅसिटर शॉर्ट आहे, नाहीतर आत कार्बनची धूळ भरली आहे.

मागच्या फटीतून अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि शाफ्ट हाताने फिरवा. काळं पाणी बाहेर येतं. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका, ब्रशच्या ठिणगीने अल्कोहोल पेटू शकतं. कवचाच्या दोन पत्र्याच्या पाकळ्या उघडून मोटर खोलताही येते. आत तांब्याचे तीन तुकडे आणि त्यांच्यामधल्या बारीक खाचा दिसतात. खाचांत काळी पेस्ट जमलेली असते आणि ती शेजारच्या दोन तुकड्यांना जोडून मोटर गरम करते. टूथपिकने ती काढता येते, पण परत बसवताना पात्यासारखे ब्रश वाकण्याची भीती आहे. एवढ्या छोट्या मोटरसाठी हा खटाटोप करण्याऐवजी नवी बसवणंच शहाणपणाचं.

नवी मोटर बसवताना जुनीवरचे कॅपॅसिटर विसरू नका. ‘१०४’ छापलेला छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, दोन टर्मिनलांमध्ये लावलेला असतो. त्याला प्लस-मायनस नसतो. तो ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट शोषतो. तो काढून टाकला की गाडी चालते, पण रिमोटचं तिला धड ऐकू येत नाही.

बोर्ड

इथवर सगळं बरोबर निघालं तरच बोर्डाकडे वळा. ओलसर, चिखल गेलेला बोर्ड आधी जुन्या टूथब्रशने अल्कोहोल लावून धुवा आणि वाळवा. निम्मे ‘मेलेले’ बोर्ड इतक्यानेच उठतात.

२७ मेगाहर्ट्‌झच्या बऱ्याच गाड्यांत ‘आरएक्स-२’ जातीचा १६ पायांचा आयसी असतो आणि तो तपासायला फार सोपा आहे. पाय २ मायनस, पाय १३ प्लस. उजवीकडे वळण्याचा हुकूम पाय ६ वर, डावीकडचा ७ वर, मागचा १० वर आणि पुढचा ११ वर येतो. काळा प्रोब पाय २ वर ठेवा, लाल ११ वर, आणि रिमोटवर पुढचं बटण दाबा. व्होल्टेज चढला तर रिमोट, रेडिओ आणि आयसी तिन्ही धडधाकट आहेत, दोष त्यापुढच्या ट्रान्झिस्टरांत आहे. नाही चढला आणि १३ वर पुरवठा आहे, तर दोष अलीकडे: रिमोट, अँटेना किंवा रेडिओचा भाग. दोन मोजण्यांत निम्मा बोर्ड संशयातून मोकळा होतो.

मोटर दोन्ही दिशांना फिरवायला चार ट्रान्झिस्टर चौकोनात असतात. पुढे जाताना एक तिरकी जोडी चालू होते, मागे येताना दुसरी. एकच दिशा मेली तर त्या जोडीतले दोन पाहा. मोठ्या पायांचे असतील तर एस८०५० आणि एस८५५० अशी नावं दिसतात. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तीन पायांचे असतील तर ‘जे३वाय’ म्हणजे ८०५० आणि ‘२टीवाय’ म्हणजे ८५५०. बॅटरी काढून, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मोजा: ट्रान्झिस्टरच्या बेस या पायापासून बाकीच्या दोन्ही पायांकडे (कलेक्टर आणि एमिटर) एका दिशेने ०.६ ते ०.८, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये शॉर्ट नको. सर्किटमध्ये बाकीचे भाग रीडिंग बिघडवतात, म्हणून आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. चालणाऱ्या जोडीतल्या तशाच ट्रान्झिस्टरवर तेच मोजा. एकीकडे ०.७ आणि दुसरीकडे ०.००, तर सापडला.

बदलताना ‘एसएस८०५०’ आणि ‘एसएस८५५०’ घ्या. त्यांची क्षमता १.५ अँपिअरची, नुसत्या ‘एस’वाल्यांची ०.५ च्या घरातली. आणि ट्रान्झिस्टर कशाने जळला हे कळल्याशिवाय नवा लावू नका. अडकलेला गिअर किंवा शॉर्ट मोटर तशीच राहिली तर नवाही पहिल्याच फेरीत जाईल.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या नव्या बोर्डांवर आयसीवर नावच नसतं आणि ट्रान्झिस्टरांऐवजी आठ पायांची ड्रायव्हर चिप असते. तिथे पुरवठा, मोटरच्या टाक्यांवरचा व्होल्टेज आणि बोर्डावरचा दिवा एवढंच पाहता येतं. दिवा लुकलुकत राहिला तर जोडणी झालेली नाही. दोन्ही बंद करून आधी गाडी, मग लगेच रिमोट चालू करा. नाही जमलं तर उलटा क्रम करून पाहा. काही रिमोटांना स्टिक एकदा पूर्ण पुढे-मागे करावी लागते.

रिमोट आणि रेंज

रिमोटचा दिवा बटण दाबल्यावर मंदावत असेल तर सेल बदला. एखादंच बटण मेलं असेल तर रबरी बटणाखालचा काळा कार्बन आणि बोर्डावरची नक्षी अल्कोहोलने पुसा. २७ मेगाहर्ट्‌झच्या रिमोटमध्ये पत्र्याच्या डबीतला, फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल असतो. रिमोट उंचावरून पडल्यावर एकदम मुका झाला, तर संशय त्याच्यावर घ्या आणि नवा घेताना डबीवर छापलेला आकडा तंतोतंत जुळवा. २७.१४५ मेगाहर्ट्‌झच्या दोन गाड्या एकाच अंगणात चालवल्या तर एकीचं रिमोट दुसरीला हलवतं, तो बिघाड नव्हे.

गाडीची अँटेनाची वायर कापून छोटी करू नका. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायरीचा शेवटचा उघडा ३१ मिमीचा तुकडाच अँटेनाचं काम करतो.

रेंज कमी झाली तर ते दोन एलईडी काढा. मोटर सोडवून तिच्या जागी दोन्ही एलईडी एकमेकांच्या उलटे, ३३० ओहममधून जोडा. पुढे दाबलं की एक लागेल, मागे दाबलं की दुसरा. रिमोट घेऊन दूर चालत जा. एलईडी लांबूनही नीट लागतात आणि मोटर जोडल्यावर मात्र जवळूनच सिग्नल तुटतो, तर रेडिओ ठीक आहे, मोटरचा गोंगाट किंवा ढिला पुरवठा हा दोष आहे. एलईडीही लवकर विझले तर अँटेना आणि रिमोट पाहा.

स्टिअरिंग

बारीक गाड्यांत नुसती मोटर किंवा चुंबकाची कॉइल असते, दोन वायरींची. तिला मोटरसारखंच तपासा. पाच वायरी असतील तर दोन मोटरच्या आणि तीन जागा सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या. चाकं थरथरत राहिली की पोटेन्शिओमीटर मळलेला असतो, एका बाजूला जाऊन अडून बसली की त्या तिघींपैकी एक वायर तुटलेली असते. पुढच्या चाकांपाशी वायर सतत वाकत असल्याने तुटते तीही तिथेच.

बंद करताना

झाकण लावण्याआधी प्रत्येक टाक्यावर हीट श्रिंक चढवा आणि वायरी त्यांच्या मूळ खाचांतून घ्या, फोटो त्यासाठीच काढला होता. उघडी असताना चालणारी आणि स्क्रू आवळल्यावर बंद पडणारी गाडी म्हणजे झाकणाच्या दोन भागांत वायर दाबली गेली आहे, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन बोर्डाला टेकतो आहे. स्क्रू एकेक करून सैल करत जा आणि बटण दाबून पाहा. ज्या स्क्रूला गाडी परत चालू होते त्याच्याच खाली बघा.